कच्चे मडके

देवाला खरे जाणणे म्हणजे काय, याचे वारकरी परंपरेतले सर्वांत रोखठोक उत्तर मला गोरोबाकाकांच्या थापटण्यात सापडते. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा आहे. संतमेळ्यात गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे स्वस्थ बसले. नामदेव तेवढे दुखावले. विठ्ठलाशी रोज बोलणारा भक्तच कच्चा ठरला!

पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसले. ‘देव नसेल तिथे माझे पाय ठेव,’ ते म्हणाले. नामदेवांना तशी जागाच सापडेना.

सलगी आणि ओळख यांतला फरक तो हाच. सलगी ‘देव माझा’ म्हणते, म्हणून तिला मार लागतो. ओळखीत देव सर्वांचा होतो. मग भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावतात. जाणणे असे वागण्यात दिसते.

तीस वर्षे पोथ्या चाळून मी स्वतःला जाणकार समजत होतो. परवा एका तरुण अभ्यासकाने भरसभेत माझी चूक दाखवली. चूक खरीच होती. तरी मी रात्रभर धुमसत राहिलो. थापटणे बसले होते.