भिंत काय म्हणते? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमविषयी

मित्रहो, मागच्या वेळी आपण सृष्टीतल्या हेतूविषयी बोललो. उठता उठता एका श्रोत्यानं विचारलं होतं, ‘सर, विधान खरं किंवा खोटं असतं हे कळलं. पण एखादी इमारत खोटी असू शकते का?’ वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही हसून सुटका करून घेतली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आज त्यासाठी एक इमारतच समोर घेऊ. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातलं नॅचरल हिस्टरी म्युझियम.

मुंबईकरांना एक खूण सांगतो. आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बांधलं गेलं 1878 ते 1888 या काळात, म्हणजे या म्युझियमच्या पाठोपाठच. तिथल्या दगडात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले पशुपक्षी आणि पानं आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. प्राणी तिथे शोभेसाठी आहेत, नाहीतर प्रतीक म्हणून. लंडनलाही तोच काळ आणि तीच हौस, पण प्राण्यांना दिलेलं काम निराळं आहे. ते तिथे वर्गीकरण सांगतात.

हे काम त्यांना दिलं रिचर्ड ओवेननं. हा मोठा शरीररचनाशास्त्रज्ञ. ‘डायनासोर’ हे नाव त्याचंच, 1842 सालचं. 1856 पासून तो ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागांचा प्रमुख होता. जुन्या जागेत हाडं, कातडी, दगड यांची दाटी झाली होती, आणि सृष्टीच्या या वैभवाला स्वतंत्र वास्तू हवी असा त्यानं धोशा लावला. 1864 मध्ये स्पर्धा झाली, ती फ्रान्सिस फाउकनं जिंकली. तो पुढच्याच वर्षी वारला. काम आलं अल्फ्रेड वॉटरहाउस या छत्तिशीतल्या वास्तुकाराकडे. बांधकाम 1873 मध्ये सुरू झालं आणि 18 एप्रिल 1881 रोजी दारं उघडली.

वॉटरहाउसनं फाउकचा आराखडा पुरता बदलला. अर्धवर्तुळाकार कमानींची, जर्मनीतल्या जुन्या चर्चवरून सुचलेली रोमनेस्क शैली घेतली. मधला दिवाणखाना असा, की माणूस आत शिरला की आपोआप आवाज खाली आणतो. दोन्ही अंगांना देवळ्यांसारखी दालनं आणि समोर, कॅथीड्रलमध्ये जिथे वेदी असते तिथे, भव्य जिना. डोक्यावर लोखंडी कमानी नि काचा, म्हणजे रेल्वे स्टेशनचं तंत्र! भिंतींच्या आतही लोखंड आहेच, ते दिसत नाही इतकंच. छताला 162 चित्रफलक आहेत, सगळे वनस्पतींचे. त्यांत चहा, कॉफी, कापूस, तंबाखू पाहिले की भक्तिभावाला व्यापाराचा वास येऊ लागतो. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

पण जरा थांबायचं आहे ते भिंतींपाशी. आतबाहेर सगळीकडे टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती. पिवळट आणि निळसर करड्या रंगाचे तिचे पट्टे. लंडनची हवा तेव्हा कोळशाच्या धुरानं इतकी आंबट झालेली होती, की दगड झिजत असे. भाजलेली माती त्या हवेत टिकते आणि धुताही येते. शिवाय एक साचा केला की त्यातून हव्या तितक्या प्रती निघतात. दगडात प्रत्येक माकड पुन्हा कोरावं लागलं असतं. वॉटरहाउस स्वतः पेन्सिलीनं प्राण्यांची चित्रं काढी. शास्त्राच्या दृष्टीनं ती बरोबर आहेत ना, हे म्युझियमचे जाणकार पाहत. मग द्यूजार्दँ नावाचा कारागीर त्यावरून मातीचे नमुने करी, आणि टॅमवर्थ गावच्या गिब्ज अँड कॅनिंगच्या भट्टीत तुकडे भाजले जात. माती भाजताना आकसते, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. कमानींवर चढणारी ती माकडं बघा, आमच्या मते सबंध इमारतीतली सर्वांत आनंदी मंडळी तीच!

आता गोम अशी. ओवेनच्या सांगण्यावरून इमारतीच्या पूर्वेकडे नामशेष प्राणी लावले आणि पश्चिमेकडे हयात. एकीकडे टेरोडॅक्टिल, दुसरीकडे सिंह नि लांडगे. मध्ये प्रवेशद्वार, आणि त्यावरच्या शिखरावर आदमचा पुतळा होता. आज तो नाही. पुस्तकात ‘हे आणि ते वेगळे’ असं लिहिलं तर ते विधान होतं ना? मग तेच दोनशे मीटर लांबीच्या दर्शनी भिंतीवर लिहिलं तर?

ओवेनला सरसकट बुरसटलेला ठरवू नका, तो अन्याय होईल. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर यांत हाडांची मांडणी एकच आहे, हे त्याच्याइतकं नीट त्या काळी फार थोड्यांनी सांगितलं. या साम्याचं कारण तो ‘आद्यरूप’ मानी, प्लेटोच्या कल्पनेसारखं. ईश्वराच्या मनातला एक आराखडा आणि त्याचे हे निरनिराळे आविष्कार. डार्विननं आद्यरूपाच्या जागी ‘पूर्वज’ ठेवला. बस्स, एवढंच! पुरावा बव्हंशी तोच राहिला, पण मनातली कल्पना होती तिचं रक्ताचं नातं झालं. ओवेनला ते मानवलं नाही. 1860 मध्ये त्यानं डार्विनच्या ग्रंथावर नाव न देता कडक परीक्षण लिहिलं.

आणि यातला विरोधाभास पाहा. डार्विननं दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या जीवाश्मांचा अभ्यास केला होता ओवेननंच. त्यातल्या एका प्रचंड, लुप्त स्लॉथच्या नावात त्यानं डार्विनचं नावही गुंफलं. आजचे छोटे स्लॉथ त्याच खंडात राहतात. गेलेले आणि असलेले एकाच मुलखात, एकमेकांच्या तोंडवळ्याचे. डार्विनला वाट दिसली त्यात हा एक दिवा होता. म्हणजे जे नातं ओवेनच्या हातांनी उजेडात आलं, तेच त्याच्या इमारतीनं दोन बाजूंना वाटून टाकलं.

तेव्हा आमचं उत्तर असं, की हो, इमारत चुकू शकते. वीट चुकत नाही, पण मांडणी दावा करते आणि दावा चुकतो. मात्र पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढता येते. भाजलेल्या मातीची कुठून काढणार?

मग माणसं पुतळे हलवतात. 1885 मध्ये, डार्विन जाऊन तीन वर्षं झाली असताना, त्याचा संगमरवरी पुतळा नेमका त्या जिन्यावर, वेदीच्या जागी बसवला गेला. ओवेन तेव्हा निवृत्त होता, पण हयात होता. 1927 मध्ये डार्विनला तिथून हलवलं. पुढे कित्येक वर्षं जिन्यावर खुद्द ओवेन उभा होता. 2008 मध्ये डार्विन परत आला. आम्हाला स्वतःला ही अदलाबदल जरा पोरकट वाटते; दोघांनाही ठेवायला जागा काही कमी नव्हती.

त्यापेक्षा 2017 मध्ये झालेला बदल आम्हाला मोलाचा वाटतो. दिवाणखान्याच्या मधोमध आता निळ्या देवमाशाचा 25 मीटर लांबीचा सांगाडा टांगला आहे. हा मासा 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. (मासा म्हणतोय खरा, पण आहे तो सस्तन प्राणीच, ओवेननं आम्हाला वर्गाबाहेर काढलं असतं.) विसाव्या शतकात शिकारीनं ही जात जवळजवळ संपवली, आणि 1966 मध्ये तिला संरक्षण मिळालं. त्या सांगाड्याचं नाव ठेवलंय ‘होप’. पश्चिमेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीवर जायची पाळी त्या जातीवर आली होती. ती टळली. सांगाडा टांगलाय तो बरोबर दोन्ही बाजूंच्या मध्ये, आणि त्याच्या परातली हाडं खालून स्वच्छ दिसतात. कधी गेलात तर मान वर करून मोजा, आणि मग आपल्या हाताकडे बघा.