सरकपट्टी आणि सजीव आलेख : संगणकीय चित्रणातील तात्काळ प्रतिसादाचे स्वरूप

प्रस्तावना

गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांच्या अध्यापनात आलेखाचे स्थान मध्यवर्ती आहे. फळ्यावर काढलेला आलेख मात्र एका वेळी एकच स्थिती दाखवतो. संगणकाच्या पडद्यावरील आलेखास सरकपट्टीची, म्हणजेच स्लायडरची, जोड दिली की सहगुणकाच्या बदलत्या मूल्याबरोबर तोच आलेख बदलताना पाहता येतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात आरंभ केलेले जिओजेब्रा आणि कार्ल वीमन यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू झालेला फेट प्रकल्प यांमुळे अशी साधने महाविद्यालयीन वर्गांपर्यंत पोहोचली. फेटची अनेक सिम्युलेशन्स मराठीतूनही उपलब्ध आहेत. आज अनेक प्राध्यापक आपल्या विषयापुरती अशी छोटी साधने स्वतःही तयार करतात. सरकपट्टी हलत असतानाच आलेख बदलणे आणि ती सोडल्यानंतर बदलणे यांत वरकरणी केवळ सोयीचा फरक दिसतो. वस्तुतः तो आकलनाचा फरक आहे. प्रस्तुत लेखात या फरकाचे स्वरूप आणि तात्काळ प्रतिसाद साधण्याची रीत यांचा विचार केला आहे.

एक उदाहरण

य = अ·क्ष² + ब·क्ष + क हे परिचित समीकरण घेऊ. अ = १ आणि क = ० कायम ठेवून ब चे मूल्य सरकपट्टीने −४ पासून ४ पर्यंत न्यावयाचे आहे. ब = −४ असता अन्वस्ताचा शिरोबिंदू (२, −४) येथे असतो; ब = ४ असता तो (−२, −४) येथे येतो. सरकपट्टी सोडल्यावरच आलेख नव्याने काढला जात असेल, तर विद्यार्थ्यास ही दोनच चित्रे दिसतात. त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो तो स्वाभाविक असला तरी चुकीचा असतो : ब वाढला की अन्वस्त आडवे डावीकडे सरकते.

आलेख सलग बदलत असेल तर वेगळेच दृश्य दिसते. शिरोबिंदू प्रथम वर चढतो, ब = ० होताच आरंभबिंदूवर येतो आणि पुन्हा खाली उतरतो. त्याचा मार्ग य = −क्ष² हे उलटे अन्वस्त आहे; सर्वसाधारणपणे तो य = क − अ·क्ष² असतो. हा मार्ग दोन टोकांच्या चित्रांत कोठेच नाही. तो मधल्या स्थितींत आहे, आणि नेमक्या त्याच स्थिती विलंबित आलेख गाळून टाकतो. साधन अचूक असूनही विद्यार्थ्याच्या मनात चुकीची संकल्पना रुजू शकते, ही बाब अध्यापकाच्या दृष्टीने गंभीर मानावी लागेल.

विलंबाची मर्यादा

हात आणि चित्र यांत किती अंतर चालते? लूव्हेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी कार्यकारणाच्या प्रतीतीवरील आपला ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. एक आकृती दुसरीवर आदळली आणि दुसरी लगेच हलली, तर पाहणाऱ्यास ती पहिलीमुळे हलली असे जाणवते. मधला अवधी सेकंदाच्या एक-दोन दशांशांपलीकडे गेला की ही जाणीव विरू लागते. मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सरकपट्ट्यांनी माहिती गाळण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या होमफाइंडर या साधनात किमतीची पट्टी हलवताच वॉशिंग्टन परिसराच्या नकाशावरील घरांचे ठिपके कमी-अधिक होत. तेथेही प्रतिसाद सुमारे १०० मिलिसेकंदांत मिळावा, अशी अपेक्षा होती.

घटना आणि रेखाटन यांची फारकत

सरकपट्टी दोन प्रकारच्या सूचना देते. वेबपृष्ठावर पट्टी हलत असताना ‘इनपुट’ ही घटना पुनःपुन्हा घडते, तर ‘चेंज’ ही घटना पट्टी सोडल्यावर घडते. सलग प्रतिसादासाठी पहिलीच ऐकावी लागते. इतके केल्याने काम संपले असे वाटते. खरी अडचण मात्र येथूनच सुरू होते.

साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली स्थिती कळवू शकतो, तर बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी एकदा, ताजे होतात. एक आलेख काढण्यास जुन्या संगणकावर ४० मिलिसेकंद लागतात असे समजू. प्रत्येक सूचनेला एक आलेख या हिशेबाने एका सेकंदाच्या सरकवण्यातून पाच सेकंदांचे काम निर्माण होते. हात थांबतो आणि चित्र मागून रेंगाळत येते. आजचे ब्राउझर काही सूचना आपणहून एकत्र करतात. तथापि त्यांवर विसंबून राहणे इष्ट नाही.

यावरील उपाय सोपा आहे. सूचना आल्यावर आलेख काढायचाच नाही; केवळ नवे मूल्य नोंदवायचे आणि रेखाटन बाकी असल्याची खूण ठेवायची. पडदा पुढच्या वेळी ताजा होण्यापूर्वी, त्या क्षणी असलेले शेवटचे मूल्य घेऊन आलेख एकदाच काढायचा. वेबपृष्ठात ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’ ही सोय यासाठीच आहे. मधली काही मूल्ये यात वगळली जातात. पण ती एरवीही डोळ्यांपर्यंत वेळेवर पोहोचली नसती. शेवटचे मूल्य मात्र कधीही वगळले जाता कामा नये. सूचना गाळण्याच्या घाईत तेच गळते, आणि पट्टीवर ३ तर चित्रात २.८ अशी विसंगती उरते.

रेखाटनाचा भारही हलका करता येतो. अक्ष आणि जाळी बदलत नसल्याने ती वेगळ्या थरावर एकदाच काढून ठेवावीत. आकडेमोड जड असेल तर पट्टी हलत असताना मोजक्या बिंदूंतून ढोबळ वक्र दाखवावा आणि ती सोडल्यावर पूर्ण बिंदूंचा रेखीव वक्र काढावा. जावाच्या स्विंग संचातील सरकपट्टी मूल्य अद्याप बदलत आहे की स्थिरावले, हे विचारल्यास सांगते. त्याचा या कामी चांगला उपयोग होतो.

टप्प्याची निवड

२०० पिक्सेल लांबीच्या पट्टीवर ० ते १००० मूल्ये बसवली तर एका पिक्सेलला ५ ची उडी पडते. अशा वेळी शेजारी संख्येची चौकट आणि कळफलकावरील बाणांची सोय हवी. टप्पा ठरवताना महत्त्वाची मूल्ये त्यात येतात की नाही, हेही तपासावे. वरील उदाहरणात −४ पासून ०.३ च्या टप्प्याने निघालेली पट्टी −०.१ वरून थेट ०.२ वर जाते. प्रतिसाद कितीही तत्पर असला, तरी शिरोबिंदू आरंभबिंदूवर टेकण्याची स्थिती पडद्यावर येतच नाही. टप्पा ०.२५ ठेवल्यास सोळाव्या पावलाला शून्य लागते.