उत्पादकता कोठून येते?

उत्पादकता हा शब्द निघाला की मालकाला वाटते, कामगाराने अधिक राबावे; कामगाराला वाटते, आता आपल्यावर ताण येणार. दोघांच्याही मनात त्याचा अर्थ एकच असतो, अधिक घाम. हा अर्थ कितपत खरा आहे, हे आपल्या देशातच तपासून पाहिले गेले आहे.

मुंबईच्या उत्तरेस तारापूर आणि गुजरातमधील उंबरगाव या भागांतील कापड कारखान्यांत २००८ साली निकोलस ब्लूम प्रभृती अभ्यासकांनी एक प्रयोग आरंभिला. त्यांनी १७ पेढ्यांचे २० कारखाने घेतले. त्यांपैकी १४ कारखान्यांना पाच महिने तज्ज्ञांचा सल्ला विनामूल्य मिळाला. उरलेल्या ६ कारखान्यांची केवळ महिनाभर पाहणी झाली. तुलना निर्दोष व्हावी म्हणून ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती.

तज्ज्ञांनी काय केले? सुताच्या साठ्यावर प्रत व रंग लिहून तो ठरल्या जागी ठेवावयास लावला. माग बिघडण्याची वाट न पाहता त्याची वेळच्या वेळी निगा राखणे, कापडातील दोष रोज नोंदणे व त्यांची कारणे एकत्र बसून शोधणे, अशा एकूण ३८ गोष्टी होत्या. पहिल्या वर्षातच उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष घटले आणि पडून राहणारा साठा कमी झाला. म्हणजे वाढ आली ती अधिक घामातून नव्हे, वाया जाणारे वाचविण्यातून.

येथे शंका निघेल की, इतके साधे होते, तर मालकांनी ते आधीच का केले नाही? एक तर आपले बरे चालले आहे, असे अनेकांना वाटत होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. मालक अधिकार देत तो घरच्या माणसालाच. त्यामुळे पेढी किती मोठी, याचा संबंध कारभार किती चांगला यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती, याच्याशी अधिक जवळचा आढळला. आपल्या यावलच्या पेठेतील दुकानदारालाही हे ओळखीचे वाटेल. मुलगा पुण्याला नोकरीस गेला, की गल्ल्यावर बसवावे कोणाला, हाच त्याचा प्रश्न असतो.

दुकानांविषयीही असाच एक अभ्यास इंडोनेशियात जकार्ता येथे झाला. तेथील यशस्वी छोट्या दुकानदारांच्या रीती गोळा करून त्यांची पुस्तिका इतर दुकानदारांना दिली. नुसत्या पुस्तिकेने विशेष काही घडले नाही. परंतु जेथे कोणी दुकानावर जाऊन ती समजावून दिली, तेथे विक्री व नफा वाढला. ज्ञान शेजारच्याच दुकानात होते, ते हातात उतरण्यास माणूस लागला.

तारापूरकडे अभ्यासक २०१७ साली पुन्हा वळले, तेव्हा स्वीकारलेल्या रीतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ उरला नाही. तरीही सल्ला मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते.

यातून आपण घ्यावयाचा बोध एवढाच की, शहाणपण एकाच्या डोक्यात राहिले तर ते त्याच्याबरोबर निघून जाते. वहीत उतरले तर दुसऱ्याच्या उपयोगी पडते. आजपासून एक वही घालावी आणि माल नाही म्हणून कोणते गिऱ्हाईक काय मागून परत गेले, एवढेच तिच्यात लिहावे. महिनाअखेर ती उघडली की पुढील खरेदी काय करावी, हे ती वहीच सांगेल. मग गल्ल्यावर घरचा मुलगा असो वा पगारी माणूस.