पडलो तर झेलणार कोण?

माझे गाव डिंगोरे. ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत लागते. आमच्या जुन्नर भागात धाडसाला तोटा नाही. टोमॅटो लावणे हाच मुळी एक जुगार! जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. पण याच पिकाने तोडणीची मजुरीही न सुटल्याची वर्षे आम्ही पाहिली आहेत. अशा गावात माणसे नवा धंदा सुरू करायला का कचरतात, हा प्रश्न मला घरातच पडला.

माझ्या थोरल्या बंधूंना १९९६ मध्ये भाजीच्या रोपांची रोपवाटिका काढायची होती. चाळीस हजार रुपये साठवले होते, जागा आखून झाली होती. तेवढ्यात आईचे ऑपरेशन निघाले. सगळी पुंजी त्यात गेली. दादा मुंबईला नोकरीला गेले आणि निवृत्त होऊनच परतले. पुढे २०१४ मध्ये त्यांच्या मुलाने त्याच जागेवर रोपवाटिका उभी केली. दादांपेक्षा तो हुशार होता असे नाही. फरक एवढाच, की सूनबाई शाळेत शिक्षिका. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. रोपे मेली तरी चूल पेटणार होती.

आपल्याकडे म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ज्याच्या हातात एकच भाकरी आहे, त्याला हा सल्ला अगदी योग्य आहे. धंदा बुडाला तर नफा जाईल, याची त्याला भीती नसते. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषध आणि वावर जाईल याची असते.

मुंबईचे डबेवाले आमच्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळचे. ते कोणाचे नोकर नाहीत. आपापल्या गटाचे भागीदार आहेत. गटाची कमाई सारखी वाटून घेतात. परक्या शहरात स्वतःच्या धंद्यावर उभे राहायला गटाचा हात पाठीशी होता, आणि गावाकडे थोडी का होईना जमीन होती.

पण ज्याला ना गट, ना जमीन, ना पगारदार सून, त्याने काय करावे? इथे सरकारी आधाराचा प्रश्न येतो. लगेच कोणीतरी म्हणते, ‘फुकट मिळाले की माणूस आळशी होतो.’ ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. ती तपासून पाहायला हवी.

महाराष्ट्राने ती फार पूर्वी तपासली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळाने त्याची गरज पटवली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये सुरू झाला तो याच योजनेसाठी. हमी होती ती कामाची. खडी फोडायची, माती वाहायची, मग मजुरी. चालता धंदा टाकून कोण खडी फोडायला जाईल? पण धंदा बुडाला तर दोन घास मिळतील, एवढा धीर त्यातून येतो.

पुढे २००५ मध्ये देशभरासाठी असा कायदा झाला. आंध्र प्रदेशात त्याचा अभ्यास झाला, तेव्हा हमीचे काम मिळू लागलेले शेतकरी कापसासारख्या जोखमीच्या, पण जास्त पैसा देणाऱ्या पिकांकडे वळलेले दिसले. आफ्रिकेतील घाना देशात पावसाचा विमा मिळालेल्या शेतकऱ्यांनी शेतीत अधिक पैसा घातला. फ्रान्सने २००२ मध्ये बेकारांना मुभा दिली, की धंदा काढलात आणि तो बुडाला तरी भत्त्याचा हक्क जाणार नाही. त्यानंतर तिथे नव्या धंद्यांची संख्या चांगलीच वाढली.

म्हणजे आधार दिला की सगळे ठीक होते का? तसेही नाही. आधाराला कुंपण घातले, की तोच आधार माणसाला बांधून ठेवतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला, तेव्हा आपल्या राज्यात स्वस्त धान्यासाठी ग्रामीण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये ठरली. शिवणयंत्र घेऊन चार पैसे जास्त मिळवू पाहणाऱ्या बाईला मग प्रश्न पडतो: कमाई दाखवली तर कार्ड जाईल का? धंदा पहिल्या वर्षी चालेल आणि दुसऱ्या वर्षी बसेल. पण गेलेले कार्ड परत मिळवायला किती खेटे? अशा वेळी ती धंदा लहानच ठेवते, किंवा लपवून ठेवते. दोष तिच्या वृत्तीचा नाही, नियमाचा आहे. मदत एकदम तोडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी झाली, आणि धंदा बुडाल्यास विनासायास परत मिळाली, तर ही भीती उरणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मजुरी चार महिन्यांनी मिळाली, तर मधल्या काळात सावकाराकडेच जावे लागते. उशिरा येणाऱ्या आधारावर विसंबून कोणी उडी मारत नाही.

दादा आता रोपवाटिकेत बसून ट्रेमधली रोपे मोजतात. परवा म्हणाले, ‘तेव्हा आईच्या ऑपरेशनचा खर्च कोणी उचलला असता, तर ही माझी असती.’ राज्य सरकारने २०१२ मध्ये आरोग्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. दादांच्या दृष्टीने ती सोळा-सतरा वर्षे उशिरा आली. गावोगावी असे किती दादा असतील, की ज्यांचे धंदे कधी बुडाले नाहीत, कारण ते सुरूच झाले नाहीत? त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)