मातृत्व आणि ओळख

अपत्य जाणते झाले म्हणजे केवळ जन्माचे नाते त्याच्या ओळखीस पुरे पडत नाही. मॅक्झिम गॉर्कीच्या ‘आई’ या कादंबरीतील (१९०६-०७) निलोव्हना पावेलच्या हयातीतच त्याच्या कार्यात उतरते व त्या कार्यातूनच त्याला ओळखू लागते. महाश्वेतादेवींच्या ‘हजार चुराशीर मा’ या बंगाली कादंबरीतील (१९७४) सुजातेच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. नक्षलवादी चळवळीत मारला गेलेला व्रती शवागारातील एक क्रमांक होऊनच तिच्यापुढे येतो. दोन वर्षांनंतर, त्याच्या जन्मदिनी, त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या मित्राची आई आणि त्याची प्रेयसी नंदिनी यांच्याकडून तिला आपल्या मुलाची खरी ओळख होते. सुजातेचा शोक म्हणूनच दुहेरी आहे: मुलगा गेल्याचा, आणि तो असताना आपल्याला न कळल्याचा.