पुतळा पाहावा चौथऱ्यापासून

मुंबईदर्शनाच्या बसमधून पुतळा दिसतो तो खिडकीपुरता. गाईड नाव सांगतो, मोबाइल बाहेर निघेपर्यंत सिग्नल सुटतो आणि पुढचे स्मारक येते. गेटवेपासून गिरगाव चौपाटीपर्यंत स्मारकांची इतकी दाटी आहे की असे होणे काहीसे अटळच. पण बसमधून उतरून निवांत पाहणारेही पुतळ्याला बहुधा एकच प्रश्न विचारतात: हा कोण, आणि थोर होता की नव्हता? त्याचे उत्तर शाळेच्या पुस्तकात असते, त्यासाठी उन्हात उभे राहण्याचे कारण नाही. जागेवर जाऊन विचारायचे प्रश्न निराळे आहेत. पैसे कुणी दिले, पुतळा कधी बसवला, शेजारी पुढे कोण आले, आणि तो तिथेच राहिला की उचलला गेला? या प्रश्नांनिशी फिरले तर शहराने दीडशे वर्षांत कुणापुढे मान झुकवली आणि ती कशी ताठ केली, याचा बराचसा हिशेब लागतो. म्हणून स्मारकांच्या फेरीची सुरुवात गेटवेपासून करू नये, ती भायखळ्याच्या राणीबागेपासून करावी, असे माझे म्हणणे आहे.

राणीबागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. इथल्या आवारात फोर्टातून उठवलेले गोरे साहेब आणि राजघराण्यातली माणसे येऊन विसावली आहेत. कुणाचे नाक उडालेले, कुणाला डोकेच उरलेले नाही. त्यांतला संगमरवरी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा एकटा जरी नीट पाहिला तरी भाड्याचे पैसे वसूल होतात. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने १८७२ मध्ये त्याचे अनावरण केले. पैसे मात्र विलायतेतून आले नव्हते, ते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिले. सत्तावन्नच्या धामधुमीत खंडेराव इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. संस्थान टिकवायचे तर कुणाशी जुळवून घ्यायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि महाराणीचा पुतळा हा त्याच व्यवहाराचा भाग होता. अनावरण झाले तेव्हा ते हयात नव्हते. पुढे १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी या पुतळ्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. प्लेगच्या काळात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. डांबर काही केल्या निघेना, तेव्हा ते काढून दिले रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी. तेही बडोद्याशी नाते असलेले, तिथल्या कलाभवनाचे संस्थापक. म्हणजे एका मराठी संस्थानिकाने हा पुतळा उभा केला, एका मराठी क्रांतिकारकाने तो काळा केला आणि एका गुजराती प्राध्यापकाने तो पुन्हा पांढरा केला. राणीच्या चरित्रातून यातले अवाक्षर कळत नाही.

काळा घोडाही त्या परिसरातच आहे, खराखुरा, स्वारासकट. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला. जोसेफ एडगर बोएमने तो घडवला आणि १८७९ मध्ये तो बसवण्यात आला. ससून मूळचे बगदादचे यहुदी, कापूस आणि अफूच्या व्यापारात गबर झालेले. संग्रहालयातला प्रिन्स अल्बर्टचा पुतळाही याच घराण्याची देणगी आहे, अल्बर्ट ससून यांचे वडील डेव्हिड ससून यांची. दोन पिढ्यांनी राजघराण्याला दोन पुतळे वाहिले ते निव्वळ भक्तीपोटी, असे मानायला मन तयार होत नाही. परक्या मुलखात व्यापार करणाऱ्याला राज्यकर्त्याची मर्जी लागते आणि भर चौकातला पुतळा ही त्या मर्जीची सर्वांना दिसणारी पावती असते. त्याहून मासलेवाईक गोष्ट गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याची. आज हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात तो होता आणि लोक त्याला देव समजून फुले वाहू लागले होते. सरकारला ही भक्ती अडचणीची वाटली, कारण सरकारला हवा होता तो दरारा.

या सगळ्यांपेक्षा जुना विस्थापित मात्र गोरा नाही. तो आहे घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे राणीबागेत आणून टाकले, १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला आणि आज तो संग्रहालयाबाहेर आहे. त्यामुळे ज्यांनी हत्तीला जागेवरून हलवले, त्यांचे स्वतःचे पुतळे शे-सव्वाशे वर्षांनी त्याच्याच शेजाराला आले. नियतीचा न्याय वगैरे म्हणण्याचा मोह होतो, पण कारण साधे आहे. ही महापालिकेच्या ताब्यातली मोकळी जागा होती आणि काढलेला पुतळा कुठेतरी ठेवावाच लागतो.

आता पहिला आक्षेप. गुलामगिरीची ही चिन्हे पाहायला जायचेच कशाला? आक्षेप रास्त आहे. ज्यांच्या नावाने इथे कर वसूल झाले आणि फाशी दिली गेली, त्यांच्यापुढे उभे राहणे सुखाचे नसतेच. पण न पाहिल्याने गैरसोयीचा तो पुरावा तेवढा नजरेआड होतो. इंग्रजी सत्ता फक्त बंदुकीवर टिकली असे म्हणणे आपल्याला सोयीचे वाटते. चौथऱ्यावरची देणगीदारांची नावे दुसरे काही सांगतात: आपल्यातले अनेक धनवंत आणि संस्थानिक त्या सत्तेत आपखुशीने भागीदार होते. हे ठाऊक असले की चापेकरांच्या डांबराचे मोलही वाढते, कारण ते फासताना त्यांच्यामागे शहरातले कुणी प्रतिष्ठित उभे नव्हते. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. वारसाप्रेमी म्हणतात की कलाकृती म्हणून हे पुतळे मूळ जागी परत न्यावेत, बागेच्या कोपऱ्यात त्यांचा अर्थ हरवतो. काही अंशी ते खरे आहे. चौकासाठी घडवलेला अश्वारूढ पुतळा झाडांमध्ये अवघडल्यासारखा दिसतो. तरीही १९६५ मध्ये ते हलवले गेले ही सुद्धा त्यांच्या इतिहासातलीच घटना आहे आणि परत नेणे म्हणजे तेवढे पान फाडणे होय. वितळवून टाकले नाहीत, चौकातही ठेवले नाहीत. मुंबईने काढलेली ही मधली वाट मला शहाणपणाची वाटते. काळा घोडा चौकात २०१७ मध्ये बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला. दिसायला तो देखणा आहे, पण मला ती पळवाट वाटते. घोडा सगळ्यांना हवा होता आणि स्वाराचे काय करायचे हा वाद कुणालाच नको होता.

हटवण्यापेक्षा शेजारी भर घालण्याचा मार्ग पाहायचा असेल तर हुतात्मा चौक गाठावा. फ्लोरा फाउंटन हे कारंजे मुळात भायखळ्याच्या बागेसाठीच मागवले होते. ते फोर्टात आले आणि फोर्टातले पुतळे बागेत गेले, अशी ही अदलाबदल. जवळच दादाभाई नौरोजींचा पुतळा आहे, तो १९२५ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्याच राज्यात बसला. शिल्पकार बा. व. तालीम. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला. त्या चळवळीत १०६ जणांचे बळी गेले आणि राज्य झाल्यावर मशाल धरलेल्या कामकरी-शेतकऱ्याचे स्मारक कारंज्याशेजारी उभे राहिले. रोमन देवतेला कुणी हात लावला नाही, चौकाचे नाव तेवढे बदलले. दोन्ही एकाच नजरेत पाहिल्यावर हा चौक कुणाकडून कुणाकडे आला हे सांगायला वेगळा फलक लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. स्मारकाला जायचे ते नतमस्तक व्हायला, हिशेब तपासायला नव्हे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला येणारा माणूस स्तूप कुणी कधी बांधला हे विचारत बसत नाही आणि त्याने ते का विचारावे? हे मान्य. पण चैत्यभूमीचे बळ नेमके या हिशेबातच दिसते. बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ७ डिसेंबर १९५६ ला आणि स्तूप खुला झाला १९७१ मध्ये. मधली वर्षे वास्तूवाचून गेली, माणसे मात्र येत राहिली. इथे आधी गर्दी झाली आणि मग स्मारक. कॉर्नवॉलिसच्या बाबतीत आधी पुतळा आणि मग दुसऱ्याच कारणासाठी गर्दी. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा देह १९२० मध्ये अग्नीच्या स्वाधीन झाला, त्या जागी र. कृ. फडके यांनी घडवलेला पुतळा १९३३ मध्ये उभा राहिला. ज्या सरकारने टिळकांना मंडालेला धाडले तेच तेव्हा राज्य करत होते, पण चौपाटीवर कुणाचा पुतळा असावा हे ठरवणे त्याच्या हाती राहिले नव्हते. तारीख वाचल्याने श्रद्धा उणावत नाही.

गेटवे शेवटी. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले तेव्हा ही कमान नव्हती. जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार ती पुरी झाली १९२४ मध्ये. समोरून प्रशस्त रस्ता काढायचा होता, त्याला पैसे उरले नाहीत, म्हणून कमान आजही रस्त्याला तिरकी वाटते. २४ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, इंग्रज सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. राजाचा पुतळा होता त्या जागी २६ जानेवारी १९६१ ला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आला, महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गेटवेपासून फेरी सुरू करणाऱ्याला हा पुतळा एक देखणे शिल्प म्हणून दिसतो. भायखळ्याहून आलेल्याला इथली तारीख वाचायची सवय झालेली असते.

वाटेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी बाजूला घड्याळाखालचा कोनाडा पाहावा. तिथे व्हिक्टोरियाची मूर्ती होती, आता कोनाडा रिकामा आहे. फाटकाच्या खांबांवरचे ब्रिटिश सिंह आणि हिंदी वाघ मात्र जागचे हललेले नाहीत. भायखळा स्थानकापासून राणीबाग पायी गाठता येते. फक्त बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेवढा वार टाळावा.