नाव सरळ का जात नाही?

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वल्ह्याच्या नावेचा रोजचा संबंध फारसा येत नाही. तथापि हा विषय या भागाला अगदीच परका म्हणता येणार नाही. वाशिम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा नदी पुढे अकोला जिल्ह्यात महान येथील धरणात अडविली आहे. तलाव आले की मासेमारी येते, आणि अतिवृष्टीच्या वर्षी पुराचे पाणी ओलांडण्याचा प्रसंगही येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात जलक्रीडांचाही समावेश आहे. त्यामुळे कयाकसारख्या लहान नावेत बसण्याची संधी ग्रामीण तरुणांनाही मिळू शकते. अशा वेळी प्रत्येक नवशिक्याला पहिली अडचण येते ती एकच : नाव सरळ जात नाही, ती फिरत राहते.

कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोकांची शिकारीची अरुंद नाव. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती तयार करीत. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. बर्लिन येथील १९३६ च्या ऑलिंपिकपासून तिच्या शर्यतींना स्थान मिळाले.

फिरण्याचे कारण

टेबलावर ठेवलेले पुस्तक मध्यभागी बोट लावून ढकलले तर ते सरळ सरकते. कडेला लावून ढकलले तर वळते. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. नावेचेही असेच आहे. वल्हे नेहमी एका बाजूला पडते. उजवीकडे वल्हे मारले की नावेचे तोंड डावीकडे वळते. वल्हे नावेपासून जितके दूर, तितके हे वळणे अधिक. आखूड व रुंद नाव लवकर फिरते. लांब व अरुंद नाव दिशा धरून ठेवते.

ओझ्याचाही परिणाम होतो. पुढचा भाग जड झाला की तो पाण्यात रुततो, मागचा भाग हलका होऊन भरकटतो. चालत्या नावेवर आडवा वारा आला असता तिचे तोंड बहुधा वाऱ्याकडे वळते, तेही याच कारणाने. म्हणून वजन मध्यावर किंवा किंचित मागे असावे.

उपाय

नवशिका बहुधा जोर वाढवितो आणि नाव अधिकच फिरते. येथे शक्तीपेक्षा समतोलाला महत्त्व आहे. वल्हे शक्य तितके उभे धरावे, पाते पायांच्या बाजूला पुढे पाण्यात घालावे, नावेच्या कडेलगत ओढावे आणि कमरेपाशी येताच बाहेर काढावे. कमरेच्या मागे ओढत नेलेले पाते नावेला वळविते. केवळ दंडाने न ओढता धड वळवून ओढल्यास दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहतो. नजर वल्ह्यावर नव्हे, तर दूरच्या एखाद्या झाडावर ठेवावी. म्हणजे वळण सुरू होताच लक्षात येते. तोंड डावीकडे वळू लागले तर डाव्या बाजूला, नावेपासून दूर, अर्धवर्तुळाकार एक वल्हे मारावे. वळण वाढण्यापूर्वी केलेली थोडी दुरुस्ती पुरेशी होते.

एकाच पात्याच्या वल्ह्याने एकाच बाजूने नाव चालविणाऱ्याने प्रत्येक ओढीच्या शेवटी पाते नावेपासून बाहेरच्या बाजूस ढकलावे. त्यामुळे वळलेले तोंड पुन्हा जागेवर येते.

वाहत्या पाण्यातील हिशेब

वाहत्या पाण्यात तोंड सरळ असले तरी नाव सरळ जातेच असे नाही. नदीचे पात्र ६० मीटर रुंद, प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर व नावेचा दीड मीटर आहे, असे समजू. तोंड समोरच्या काठाकडे ठेवले तर पार होण्यास ४० सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात नाव ४० मीटर खाली वाहून जाईल. नेमके समोर पोहोचायचे तर तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे ठेवावे लागेल. वेळ सुमारे ५४ सेकंद लागेल. समोरच्या काठावरील एकामागे एक असलेल्या दोन खुणा एका रेषेत दिसत राहिल्या, तर नाव योग्य मार्गावर आहे असे समजावे. मात्र प्रवाहाचा वेग नावेच्या वेगापेक्षा अधिक असेल, तर कोणत्याही कौशल्याने समोर पोहोचता येणार नाही. अशा पाण्यात नाव घालूच नये.

सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पूर ही सराव करण्याची वेळ नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे. सराव स्थिर पाण्यात, जाणकाराच्या देखरेखीखाली आणि जीवरक्षक जाकीट घालूनच व्हावा. नावेत किती माणसे बसावीत हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवून नावेवर ठळक लिहावे आणि ती मर्यादा कोणत्याही प्रसंगी मोडू नये.

पाण्याच्या दुर्भिक्षाच्या भागातील तरुणाला ही विद्या साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या चौघांच्या संघात होते. मालेगावसारख्या तालुक्यातील तरुणांनाही योग्य शिक्षण व सुरक्षित पाणी मिळाल्यास हे कौशल्य आत्मसात करता येईल.